बंदूक एकाची, हुकूम दुसऱ्याचा

१६ जुलै १९९५ ची सकाळ. पूर्व बोस्नियात पिलित्सा गावाजवळ ब्रान्येवो नावाचे एक मोठे शेत आहे. तिथे एकामागून एक बस येऊ लागल्या. बसमध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने स्रेब्रेनित्सा शहराहून पकडून आणलेले मुस्लिम पुरुष आणि मुलगे होते. दहा-दहा जणांना उतरवायचे, पाठमोरे उभे करायचे आणि गोळ्या घालायच्या, असे तासन् तास चालले होते. गोळ्या घालणाऱ्यांत द्राझेन एर्देमोविच नावाचा त्याच सैन्यातला तेवीस वर्षांचा सैनिक होता. त्याने आधी नकार दिला. त्यावर त्याला सांगण्यात आले की जमत नसेल तर बंदूक दुसऱ्याला दे आणि त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहा. मग त्याने गोळ्या झाडल्या. त्या दिवशी तिथे सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि त्यांतली सत्तरएक आपल्या हातून गेली असावीत, हा अंदाज त्याने स्वतःच पुढे कोर्टाला दिला.

युद्धातला असा कुठलाही अत्याचार घ्या, चौकशी सुरू झाली की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. खालचा म्हणतो, ‘मी काय करणार, वरून हुकूम होता.’ वरचा म्हणतो, ‘मी तर तिथे नव्हतोच.’ दोघांचेही खरे मानले तर हजार माणसे मेली आणि मारले मात्र कुणीच नाही, असा हिशेब निघतो. ही दोन वाक्ये कोर्टात कितपत टिकतात, एवढेच इथे पाहायचे आहे. माझ्या मते पहिल्या वाक्याचा निकाल बऱ्यापैकी लागला आहे. दुसऱ्याचा अजून लागायचा आहे.

गुन्हा नेमका कुठे सुरू होतो

सुरुवातीलाच एक कडू गोष्ट मान्य करावी लागते. युद्धात माणूस मारणे हा आपोआप गुन्हा होत नाही. शत्रूच्या सैनिकाला लढताना मारले तर कायदा त्याला खून म्हणत नाही. तोच सैनिक शरण आला, जखमी होऊन पडला किंवा कैदी झाला, की त्या क्षणापासून त्याला मारणे हा युद्धगुन्हा. ही रेघ १९४९ च्या चार जिनिव्हा करारांनी पक्की केली आणि जगातल्या जवळपास सगळ्या देशांनी ती मान्य केली आहे. नागरिकांवर मुद्दाम हल्ला, ओलीस धरणे, बलात्कार, लूट, लोकांना उपाशी ठेवून नमवणे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लढायला लावणे, हे सगळे युद्धगुन्हेच.

इथवर सोपे आहे. घोळ होतो तो तोफा आणि बॉम्ब आले की. लष्करी तळावर मारा केला आणि शेजारची घरे पडली, माणसे गेली, तर? नागरिकांची हानी अपेक्षित लष्करी फायद्याच्या मानाने उघडउघड जास्त होणार, हे ठाऊक असूनही हल्ला केला तर तो गुन्हा, असे कायदा सांगतो. नीट वाचले तर लक्षात येईल की इथे कोर्ट ढिगारा मोजत नाही. बॉम्ब सोडण्याआधी सोडणाऱ्याला काय माहीत होते आणि त्याच्या मनात काय होते, हे ते शोधते. पडलेल्या रुग्णालयाचे चित्र टीव्हीवर पाहून आपण ‘हा युद्धगुन्हाच’ म्हणून मोकळे होतो आणि वकील मंडळी सावधपणे बोलतात, ते यामुळे. ते निर्दय नसतात, त्यांना पुढचा प्रश्न दिसत असतो.

क्रोएशियाचा जनरल आन्ते गोतोविना याच्या खटल्यात हा प्रश्न फार टोकाला गेला. ऑगस्ट १९९५ मध्ये त्याच्या तोफांनी क्निन शहरावर मारा केला होता. माजी युगोस्लाव्हियासाठी हेगमध्ये नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या खालच्या कोर्टाने एक माप ठरवले: लष्करी लक्ष्यापासून २०० मीटरच्या बाहेर पडलेला गोळा म्हणजे बेकायदा मारा. त्या आधारावर २०११ मध्ये त्याला २४ वर्षांची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी अपिलात पाच न्यायाधीशांनी विचारले की हे २०० मीटर आणले कुठून? उत्तर नव्हते. माप गेले आणि ३ विरुद्ध २ मतांनी जनरलही सुटला.

दोन जवळच्या संज्ञांशी नेहमी गल्लत होते, तीही इथेच मिटवू. ‘मानवतेविरुद्धचा गुन्हा’ घडायला युद्ध लागत नाही; नागरिकांवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला असला की पुरे. ‘वंशसंहार’ सिद्ध करायला मेलेल्यांचा आकडा पुरत नाही. एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह, समूह म्हणूनच नष्ट करायचा हेतू दाखवावा लागतो. आणि या न्यायाधिकरणाशिवाय हेगमध्ये दोन वेगवेगळी कायमची कोर्टे आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयात देश देशावर दावा लावतो, तिथे तुरुंगवास नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात, म्हणजे आयसीसीत, माणसावर खटला चालतो. बातम्यांच्या मथळ्यांत या दोघांची सर्रास अदलाबदल होते.

‘वरून हुकूम होता’

माणसावर खटला, ही कल्पनाच तुलनेने नवी. पूर्वी युद्धाचा हिशेब देशादेशांत व्हायचा. हरलेल्याने प्रदेश सोडायचा, खंडणी भरायची. १९४५-४६ मध्ये न्युरेंबर्गला नाझी नेत्यांवर खटला चालला आणि हे बदलले. आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्धचे गुन्हे ‘राज्य’ नावाची अमूर्त वस्तू करत नाही, माणसे करतात, आणि त्या माणसांना शिक्षा केली तरच कायद्याला अर्थ, असे त्या न्यायाधीशांनी निकालात लिहिले. २२ जणांचा निवाडा झाला, बारा जणांना फाशीची शिक्षा झाली, तिघे निर्दोष सुटले. वरिष्ठाचा हुकूम ही सुटकेची वाट नाही, फार तर शिक्षा कमी करायला कारण होईल, हेही तिथल्या सनदेतच लिहून टाकले होते.

जेत्यांचा न्याय, ही टीका तेव्हापासून आहे आणि ती खोटी नाही. जर्मन नौदलप्रमुख डोनित्झवर पाणबुडी-युद्धाचे नियम मोडल्याचा आरोप होता. अमेरिकन नौदलाचे ॲडमिरल निमित्झ यांनी लेखी कळवले की प्रशांत महासागरात आम्हीही तेच करत होतो. मग न्यायाधीशांनी डोनित्झची शिक्षा ठरवताना ते उल्लंघन जमेस धरले नाही. जपानी नेत्यांवरच्या टोकियोच्या खटल्यात तर भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारे स्वतंत्र निकालपत्र लिहिले. जपानने अत्याचार केलेच नाहीत, असे त्यांचे म्हणणे नव्हते, हे मात्र त्यांचे नाव घेणारे बरेचजण विसरतात.

एर्देमोविचकडे वळू. १९९६ मध्ये त्याने पत्रकारांना सगळे सांगून टाकले, मग तो हेगला युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणापुढे आला आणि त्याने गुन्हा कबूल केला. त्याचे म्हणणे फक्त ‘हुकूम होता’ एवढेच नव्हते. ‘मी नाही म्हटले असते तर मलाच मारले असते, आणि ती माणसे तरीही मेलीच असती’ असे ते होते. याला काय उत्तर द्यायचे? अपिलात पाच न्यायाधीशांत फूट पडली. तिघे म्हणाले, निरपराध माणसांना मारल्यावर जिवाची भीती हा संपूर्ण बचाव होऊ शकत नाही, शिक्षा मात्र त्यामुळे हलकी होईल. उरलेल्या दोघांपैकी एक इटलीचे अंतोनियो कासेसे. एका सामान्य सैनिकाकडून कायदा हौतात्म्याची अपेक्षा करू शकतो का, हा त्यांच्या विरोधी मताचा गाभा. शेवटी दहा वर्षांची शिक्षा पाच वर्षांवर आली.

मी हे प्रकरण वाचतो तेव्हा दर वेळी माझे मत डळमळते. पुढे आयसीसी ज्यातून उभी राहिली त्या रोम करारानेही थोडे कासेसेंच्या बाजूने झुकते माप दिले: जिवाच्या धाकाचा बचाव घेता येतो, मात्र टाळायच्या संकटाहून मोठे संकट दुसऱ्यावर आणायचा इरादा नसावा. हुकमाच्या बाबतीत मात्र करार कडक आहे. हुकूम पाळणे कायद्याने बंधनकारक होते, तो बेकायदा असल्याचे सैनिकाला ठाऊक नव्हते आणि तो उघडउघड बेकायदा नव्हता, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ऐकून घेणार. वंशसंहाराचा किंवा मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा हुकूम तर कायम उघडउघड बेकायदाच धरायचा.

‘मी तिथे नव्हतोच’

लेखी हुकूम सापडला तर वरच्याला पकडणे सोपे. पण ‘कैद्यांना मारा’ असे कागदावर लिहून खाली सही करणारे सेनापती विरळा. म्हणून कायद्याने एक दुसरे दार उघडून ठेवले आहे. तुझे लोक गुन्हे करत आहेत हे तुला कळत होते, थांबवणे तुझ्या हातात होते आणि तू कानावर हात ठेवून बसलास, तर तू दोषी. गप्प बसणे हाच गुन्हा.

या दाराचा पहिला मोठा वापर जपानी जनरल तोमोयुकी यामाशिता याच्यावर झाला आणि तो फारसा अभिमानाने सांगण्यासारखा नाही. १९४५ मध्ये मनिलात जपानी सैन्याने नागरिकांची भयंकर कत्तल केली. यामाशिता डोंगरात होता, संपर्क तुटलेले होते, शहरात राहिलेले बरेचसे सैन्य नौदलाचे होते. अमेरिकी लष्करी आयोगाने त्याला फाशी सुनावली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. पण न्यायमूर्ती मर्फी यांनी विरोधी मतात खरमरीत शेरा मारला. त्याचा आशय असा: तुमची यंत्रणा आम्हीच मोडून काढली आणि आता ती नीट चालली नाही म्हणून तुम्हालाच दोषी ठरवत आहोत. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्याला फासावर चढवले.

माजी युगोस्लाव्हियासाठी १९९३ मध्ये नेमलेल्या न्यायाधिकरणाने हे दार नीट बसवले. चेलेबिची छावणीतल्या कैद्यांच्या छळाच्या खटल्यात, १९९८ मध्ये, तीन कसोट्या स्पष्ट झाल्या. गुन्हा करणाऱ्यांवर आरोपीचा खरोखरचा ताबा होता का? त्याला माहीत होते का, किंवा माहीत व्हावे इतके समोर दिसत होते का? आणि ते रोखायला किंवा नंतर शिक्षा करायला त्याने शक्य ते केले का? पहिल्या कसोटीतला ‘खरोखरचा’ हा शब्द मोलाचा. खांद्यावरचे बिल्ले आणि कागदावरचे पद यांना महत्त्व नाही. पद नसताना ज्याचा शब्द चालतो तोही अडकतो, आणि पद असून ज्याला कुणी विचारत नाही तो सुटू शकतो.

ताबा आणि माहिती सिद्ध करायला लागणारा पुरावा कल्पनेपेक्षा फार रुक्ष असतो. बोस्नियन सैन्याचे लोक शत्रूची रेडिओ संभाषणे ऐकून वह्यांत हाताने उतरवून घ्यायचे; त्या वह्या पुढे स्रेब्रेनित्साच्या खटल्यांत महत्त्वाच्या ठरल्या. वाहनांच्या नोंदी, इंधनाचे कागद, ताज्या उकरलेल्या जमिनीची हवाई छायाचित्रे. मारेकऱ्यांनी नंतर प्रेते उकरून दुसरीकडे पुरली, तेव्हा तज्ज्ञांनी दोन्ही खड्ड्यांतली माती आणि काडतुसांच्या पुंगळ्या जुळवून दाखवल्या. बोस्नियन सर्ब सैन्याचा जनरल रादिस्लाव्ह क्र्स्तिच या पुराव्यांत अडकला. त्याला आधी ४६ वर्षांची शिक्षा झाली. अपिलात कोर्ट म्हणाले, संहाराचा हेतू त्याचा स्वतःचा होता हे सिद्ध होत नाही. पण वरिष्ठांचा होता हे ओळखून त्याने आपली माणसे आणि साधने वापरू दिली. म्हणून वंशसंहाराला साहाय्य, ३५ वर्षे. त्या साखळीत वर असलेल्या, बोस्नियन सर्ब सैन्याचा प्रमुख रात्को म्लादिच याची जन्मठेप २०२१ मध्ये कायम झाली. सर्बियाचा राष्ट्राध्यक्ष राहिलेला स्लोबोदान मिलोशेविच मात्र चार वर्षे खटला चालून, निकालाआधीच २००६ मध्ये कोठडीत मेला.

आता दुसरे टोक पाहा. कांगोतला बंडखोर नेता ज्यां-पिएर बेंबा याने २००२ मध्ये शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या अध्यक्षांच्या मदतीला आपले सैनिक नदीपार पाठवले. तिथे त्यांनी खून, बलात्कार, लूटमार केली. बेंबा बहुतेक काळ कांगोतच होता, पण संपर्कात होता आणि बातम्याही त्याच्यापर्यंत पोचत होत्या. २०१६ मध्ये आयसीसीने त्याला दोषी ठरवून १८ वर्षांची शिक्षा दिली. गप्प बसलेल्या सेनापतीला त्या कोर्टाने दोषी ठरवण्याची ही पहिलीच वेळ. पीडित स्त्रियांच्या साक्षी निकालाच्या केंद्रस्थानी होत्या. दोन वर्षांनी अपिलात ३ विरुद्ध २ मतांनी सगळे उलटले. बेंबाने एक चौकशी नेमली होती, काही जणांवर खटले भरले होते, संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीला पत्र लिहिले होते; परक्या देशात सैन्य पाठवलेल्या दूरच्या सेनापतीला याहून किती करता आले असते, हे खालच्या कोर्टाने नीट तोलले नाही, असे बहुमत म्हणाले. दहा वर्षे कोठडीत काढून बेंबा घरी गेला. २०२३ मध्ये तो कांगोचा संरक्षणमंत्री झाला.

माझे मत विचाराल तर यामाशिताला फार कमी पुराव्यावर फाशी झाली आणि बेंबाला फार जास्त मोकळीक मिळाली. बेंबाचा निकाल वाचून उद्याचा एखादा सेनापती हाच धडा घेईल की दूर राहावे, एक चौकशी नेमावी, दोन पत्रे लिहून ठेवावीत. नामानिराळे राहायला तेवढे पुरते. राजकीय नेत्यांसाठी तर कसोटी आणखी सैल आहे. लष्करी अधिकाऱ्याला ‘तुला माहीत असायला हवे होते’ एवढे म्हणता येते. नागरी वरिष्ठाने मात्र समोर आलेल्या माहितीकडे जाणूनबुजून डोळेझाक केली, असे दाखवावे लागते.

पकडायचे कुणी?

समजा सगळे पुरावे जमले. तरी आयसीसीकडे स्वतःचे पोलीस नाहीत. आरोपी गैरहजर असताना खटलाही चालवता येत नाही. अटक सदस्य देशांनी करायची. सदस्य सव्वाशेच्या आसपास. अमेरिका, रशिया, चीन, भारत आणि इस्रायल त्यांत नाहीत. सदस्य नसलेल्या देशाच्या नागरिकानेही सदस्य देशाच्या भूमीवर, किंवा कोर्टाचा अधिकार मान्य केलेल्या देशात, गुन्हा केला तर तो कोर्टाच्या कक्षेत येतो. पुतिन यांच्यावर मार्च २०२३ मध्ये आणि नेतान्याहू यांच्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये वॉरंट निघाले ते याच कलमामुळे. पहिल्यात युक्रेनमधून मुलांना बेकायदा रशियात नेल्याचा आरोप आहे, दुसऱ्यात गाझात उपासमारीचा शस्त्रासारखा वापर केल्याचाही. वॉरंट म्हणजे दोष सिद्ध झाला असे नव्हे, हे दोन्ही बाजूंच्या उत्साही मंडळींनी लक्षात ठेवलेले बरे.

कक्षेबाहेरची प्रकरणे सुरक्षा परिषद कोर्टाकडे पाठवू शकते. सुदानमधले दारफूर आणि लिबिया अशीच आली. सीरिया आला नाही, कारण २०१४ मध्ये रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला. राष्ट्रप्रमुखपदाचे कवच चालणार नाही, असे रोम करारात लिहिले आहे खरे. तरी सुदानचे ओमर अल-बशीर डोक्यावर वॉरंट असताना २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बैठकीला जाऊन आले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मंगोलियाने पुतिन यांचे स्वागत केले. दोन्ही देश आयसीसीचे सदस्य.

पण हेग म्हणजेच सगळे नव्हे. मुळात आयसीसी ही शेवटची पायरी आहे. देश स्वतः प्रामाणिकपणे खटला चालवत असेल तर तिने लांब राहायचे असते. शिवाय काही देशांचे कायदे म्हणतात की असे गुन्हे जगात कुठेही घडोत, आम्ही खटला चालवू. सीरियाच्या गुप्तचर खात्यातला माजी कर्नल अन्वर रसलान जर्मनीत आश्रय घेऊन राहत होता. दमास्कसच्या ज्या कोठडीत तो चौकशीप्रमुख होता, तिथून वाचलेले काही जणही जर्मनीतच आश्रयाला आले होते. जानेवारी २०२२ मध्ये कोब्लेंझच्या कोर्टाने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी त्याला जन्मठेप दिली. सुरक्षा परिषदेने जिथे दार लावले, तिथे एका जर्मन शहरातल्या कोर्टाने ते किलकिले केले.

या गुन्ह्यांना मुदत नाही. आजचा मंत्री उद्याचा निर्वासित होऊ शकतो आणि वॉरंट तोवर फाईलमध्ये पडून राहते. बशीर यांची सत्ता २०१९ मध्ये गेली. तेव्हापासून ते सुदानमध्येच कैदेत आहेत, हेगला मात्र अजून पोचलेले नाहीत.

आणि एर्देमोविच? तो बोलला नसता तर ब्रान्येवोच्या शेताची हकिगत आपल्याला कळलीच नसती, असे खुद्द सरकारी पक्षाने मान्य केले होते. शिक्षा भोगून तो नव्या ओळखीने कुठेतरी राहू लागला. त्यानंतर तो पुन्हा पुन्हा हेगच्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आला: क्र्स्तिचविरुद्ध, मिलोशेविचविरुद्ध, बोस्नियन सर्बांचा राजकीय नेता कराजिच याच्याविरुद्ध, म्लादिचविरुद्ध. दर वेळी त्याने तेच सांगितले. बस किती वाजता येऊ लागल्या, हुकूम कुणी दिला, आपण काय केले.